काचेतले टाक

माझं अक्षर सुंदर आहे असं कुणी म्हटलं की मी विषय बदलतो. शेजारचे लोक लग्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊन नावं घालायला येतात, नातवंडं वहीवर नाव काढून मागतात, आणि मी डोळ्यांचं निमित्त सांगून सुटका करून घेतो. डोळे माझे ठणठणीत आहेत. कचेरीतली सगळी वर्षं मी टाइपरायटरवर काढली, तीही मुद्दाम. याचं कारण सांगायचं तर यवतमाळच्या कॉलेजातल्या एका खोलीत जावं लागतं, आणि तिथे जायला मला आवडत नाही. पण बा जाऊन आता इतकी वर्षं झाली की अजूनही गप्प बसणं हा नुसता भेकडपणा ठरेल.

आमचं गाव राळेगाव तालुक्यातलं. वस्तीतून कॉलेजात गेलेला मी पहिला. कॉलेज नवं होतं. भिंतींचा चुना हाताला लागायचा. इतिहास शिकवणारे सर नागपूरकडचे, एकटे राहणारे, बोलता बोलता खडू खिशात घालून विसरणारे. प्राचार्यांच्या मागे लागून त्यांनी ग्रंथालयापलीकडची, मोडक्या बाकांनी भरलेली खोली मिळवली आणि दारावर पाटी लावली : कलादालन. पोरांनी पहिल्याच दिवशी तिचा अजबबंगला केला, कारण नागपूरच्या म्युझियमला आमच्या मुलखात तेच म्हणतात. मग नोटीस लागली. ज्या विद्यार्थ्यांना हौस असेल त्यांनी यावं, गावोगावच्या जुन्या वस्तू मिळवाव्यात, साफ कराव्यात, त्यांच्या नोंदी लिहाव्यात, बघायला येणाऱ्यांना माहिती सांगावी. बदल्यात काय मिळणार ते शेवटच्या ओळीत होतं : ‘शिकायला मिळेल.’

पाच जण गेलो. मी काही कलेच्या ओढीने गेलो नव्हतो. वसतिगृहाचे पत्रे दुपारी तापायचे आणि त्या खोलीच्या भिंती जाड होत्या. पण आठवडाभरात मला तिथून हलवेना. चिंचेच्या कोळाने पितळ घासायचं, मऊ फडक्याने चांदी पुसायची, जुन्या गंजिफांचे पत्ते एकेक करून उन्हाआड वाळवायचे. राळेगावकडच्या एका मोठ्या घरातून चांदीचं पानदान आलं होतं. त्या घरी माझी आई धान्य निवडायला जायची आणि अंगणाच्या कडेला बसायची. त्यांच्या ओसरीची पायरीही आम्ही कधी चढलो नव्हतो. आणि आता त्यांच्या माजघरातली वस्तू माझ्या मांडीवर होती, तिच्या कळ्यांतला मळ मी काडीने काढत होतो आणि कुणी काही म्हणत नव्हतं. त्या दिवशी मी हात धुतले नाहीत, तसाच जेवलो.

चिठ्ठ्या लिहायचं काम सरांनी मला दिलं. पांढऱ्या कार्डावर काळ्या शाईने, टाकाने. वस्तूचं नाव, काळ, कशाची बनलेली, दाता कोण. मी एकेक वेलांटी जीव ओतून काढायचो. सर मागे येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, “वा! छापखान्याने लाजावं.” एवढं कौतुक त्याआधी माझं कुणी केलं नव्हतं. मी फुलून जायचो, हे कबूल करतो.

बाकीचे चौघे आपापल्या घरून काही ना काही घेऊन आले. कुणी देवळातली जुनी घंटा, कुणी पणजोबांची कट्यार. माझा तांड्यावरचा मित्र आईचा आरशांचा घागरा घेऊन आला. त्याची आई तो देताना रडली होती आणि मग हसून म्हणाली होती म्हणे, मला कोण बघतंय आता, माझा घागरा तरी बघू देत. मी एकटाच रिकाम्या हाताचा. कट्यारवाला एकदा सहज बोलून गेला, “अरे, त्याच्याकडं काय असणार?” मनात खोट नव्हती त्याच्या. हिणवायला बोलला असता तर मी चिडून मोकळा झालो असतो. त्याला ते इतकं उघड वाटत होतं, हेच मला लागलं.

त्याच वर्षी शिमग्याच्या सुमारास आजी वारली, आणि माझ्या हातात वस्तू आली.

टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेला देव, तळहाताच्या खळग्यात मावेल एवढा. आमच्या कोनाड्यात पाच होते. चार देवांचे आणि पाचवा बाच्या थोरल्या भावाचा. तो लहानपणीच पटकीत गेला, आणि आजीने त्याचा टाक घडवून देवांच्या रांगेत बसवला. छप्पनच्या दसऱ्याला बा चालत नागपूरला गेला आणि दीक्षा घेऊन आला. वस्तीने आपापले देव टोपलीत भरून नाल्याला नेले. आजी तेवढी कोनाड्यासमोर आडवी झाली. “मी मेल्यावर टाकजो. त्यात माहं लेकरू हाये.” बाला आईवर जबरदस्ती करवली नाही. पुढची तीन-चार वर्षं त्याने त्याची किंमत चुकवली. शेजारचा काका येता-जाता म्हणायचा, “घरात मरीमाय अन् तोंडात बुद्ध.” बा मान खाली घालून विळ्याला धार लावत बसायचा.

आजीला माती देऊन आलो, आणि चौथ्या दिवशी बाने फडक्यात बांधलेले टाक माझ्या हातात ठेवले.

“जातानी नदीत टाक.”

“तू का नाही टाकत?”

“म्या टाकले तं लोक म्हनतीन, बुढी मरायची वाट पाहून राह्यला होता. तू शिकला. तू टाकले तं घरानं टाकले.”

टाक हा शब्द मोठा चावट आहे. कोनाड्यातला तो टाक, दौतीत बुडवून लिहायचा तोही टाक, आणि फेकून दे म्हणायचं तरी टाकच. वस्तीच्या टोकापर्यंत बा सोबत आला आणि पुन्हा म्हणाला, “टाक टाकजो बरं.” मला हसू आलं. तोही हसला. आजी गेल्यानंतर त्याला हसलेला मी पहिल्यांदा पाहिला.

कळंबला मोटार बराच वेळ थांबायची. मी उतरून नदीवर गेलो. पाणी घोट्याएवढंही नव्हतं, दगडगोट्यांतून एक ओहोळ तेवढा वाहत होता. इथे टाकले तर चमकत राहतील, कुणीतरी उचलून नेईल, असं मी स्वतःला सांगितलं. सांगायला ते कारण बरं होतं. पात्रात थोडं वर चालत गेलो असतो तर एक डोह होता, आणि तो मला ठाऊक होता. मी फडकं सोडून टाक उन्हात धरले. पाचव्यावरचं ते पोर, हातात काठी, डोक्यावर टोपरं, कारागिराने दोन ठोक्यांत उठवलेलं. आजीची माया मला तेव्हा आठवली नाही. मला कट्यारवाल्याचं तोंड आठवलं, आणि सर काय म्हणतील ते. मी फडकं पुन्हा बांधलं आणि मोटारीत जाऊन बसलो.

सर हरखून गेले. भिंग घेऊन खिडकीपाशी बसले आणि कितीतरी वेळ उठलेच नाहीत. “हे सगळीकडे नदीत चाललंय रे,” ते म्हणाले, “उद्या असं काही होतं हेही कुणाला कळणार नाही. वडिलांनी दिले?” मी हो म्हणालो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मधली मोठी काचपेटी त्यांनी कट्यारीसाठी राखून ठेवली होती. ती टाकांना दिली.

उन्हाळ्यात घरी गेलो तेव्हा बाने दारातच विचारलं, “टाकले?”

“टाकले.”

तो तडक शेजारी गेला. भिंतीपलीकडून त्याचा आवाज आला, “पोट्ट्यानं टाकले, आपल्या हातानं टाकले.” त्या आवाजात किती दिवसांचं ओझं उतरलं होतं ते मला भिंतीअलीकडे ऐकू आलं. आणि मी तसाच जेवायला बसलो.

त्या उन्हाळ्यात बा वाचायला शिकत होता. वस्तीत विहाराची झोपडी उभी राहिली होती. बाजाराच्या दिवशी कामाला सुट्टी असे, तेव्हा तिथे मोठ्या माणसांची बाराखडी चाले. बाला त्याचं वेडच लागलं. दिसेल ते मोठ्याने वाचायचं, बोट ठेवून, अक्षराला अक्षर जोडत. बि, डी, बिडी. सो, डा, सोडा. एकदा मोटारीत ‘धूम्रपान करू नये’ अशी पाटी होती. बाचं वाचून होईपर्यंत पुढच्या माणसाची बिडी ओढून झाली होती. वस्तीने ठरवलं होतं की पुढच्या वर्षीच्या वैशाख पौर्णिमेला विहारात सगळ्यांसमोर ग्रंथ वाचायचा तो बानेच. आता घरात देव नव्हते, त्यामुळे कुणाला नाही म्हणायला जागा नव्हती. तो मला म्हणाला होता, “माह्या जलमात लोकाईनं मले बसा म्हतलं नाई. आता वाचा म्हनून राह्यले.” आणि मी, आणखी शहाणा, बढाई मारून बसलो की कॉलेजात माझं अक्षर काचेत लावणार आहेत.

पावसाळ्यानंतर चिठ्ठ्यांचं काम अंगावर आलं. सरांनी नोंदीचा तक्ता आखला होता. त्यात दात्याचं नाव, त्याखाली गाव, त्याखाली जात. मित्राने आईचं नाव सांगितलं, तांड्याचं सांगितलं, जात ‘बंजारा’ असं छाती पुढे काढून सांगितलं. माझी चिठ्ठी आली तेव्हा बाचं नाव मी पूर्ण लिहिलं, आजोबांच्या नावासकट. इतकं देखणं मी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं. गाव लिहिलं. तिसऱ्या ओळीशी टाक अडला. मी सरांना विचारलं, “बौद्ध लिहू?”

सर विचारात पडले. वाईट माणूस नव्हता तो, हे मी आजही म्हणतो. “वस्तू बौद्धांची कशी असेल?” ते म्हणाले. “देव आहेत ते. वस्तू ज्या काळची, जात त्या काळची लिहावी. संग्रहालयात मूळ जपायचं असतं.”

मला ते पटलं. पटायला काय लागतं, समोरचा खांद्यावर हात ठेवणारा असला की? ओळ कोरी सोडता आली असती. मी शाई घेतली आणि तो शब्द लिहिला. इथे तो लिहीत नाही. एकदा लिहिला तेवढा पुरे झाला.

दिवाळीनंतर कलादालन उघडलं. बाजारात कापसाच्या गाड्या लागल्या होत्या, सगळ्या गावावर तंतू उडत होते. आम्ही पाचही जण धुतलेले कपडे घालून आपापल्या पेटीशी उभे होतो. माझी पेटी मधली. येईल त्याला मी माहिती सांगायचो : ठोकून केलेलं काम, घरगुती पूजा, पूर्वजांचं स्मरण. सकाळी एका बाईने काचेला हात लावून कपाळाला लावला होता, तेव्हा आम्ही पोरं गालात हसलो होतो.

दुपारी दारात बा दिसला. डोक्याला नवा शेला, हातात पायताणं. बाहेर काढायची असतात असं त्याला वाटलं होतं. मागे शेजारचा काका. मी बोलावलं नव्हतं, पण बढाई मीच मारली होती. तो माझं अक्षर बघायला आला होता, आणि बघणारा साक्षीदार सोबत घेऊन आला होता.

दारापासून त्याने सुरुवात केली. प्रत्येक चिठ्ठीवर, काचेवरून बोट फिरवत, मोठ्याने. घं, टा, घंटा. “हे माह्या पोराचं अक्षर,” काकाला. क, ट्या, र. “हेबी.” लोक वळून बघत होते, काही हसत होते, आणि त्याला त्याचं काही नव्हतं. पुढे होऊन त्याला बाहेर न्यावं, काहीतरी खोटं सांगावं, असं दहादा मनात आलं. मी पेटीशेजारी खांबासारखा उभा राहिलो.

तो मधल्या पेटीशी आला. आधी त्याने चिठ्ठीच वाचली, आत पाहिलंच नाही. “टा, क. टाक.” तेव्हा त्याची नजर आत गेली. लाल मखमलीवर पाच टाक, घासून लख्ख, आणि कडेला ते काठीवालं पोर. त्याचं बोट काचेवर तसंच राहिलं. मग, एकदा सुरू केलेलं वाचन अर्धं सोडायचं नसतं असं विहारात शिकवलं असावं, तो पुढे वाचू लागला. “चां, दी. दा, ता. दाता. दाता म्हंजे?”

मित्र शेजारच्या पेटीवरून उत्साहाने म्हणाला, “ज्यानं देल्लं तो, बाबा.”

मग बाने स्वतःचं नाव वाचलं. हळू, सगळं, बापाच्या नावासकट. गाव वाचलं. आणि त्याखालचा शब्द. बाकीचे सगळे शब्द त्याने अक्षराला अक्षर जोडून वाचले होते. हा एका दमात वाचला.

खोलीत कुणालाच काही कळलं नाही. काकाला कळलं.

“हे अक्षर तुहंच?” बाने विचारलं.

“हो.”

“चांगलं हाये,” तो म्हणाला. शेला सारखा केला आणि दाराकडे वळला.

मी दारापर्यंत मागे गेलो. पायरीवर काका त्याला अडवून उभा होता. “टाकले म्हनत होता ना तू? साऱ्या वस्तीले सांगत फिरला.”

बा वाकून पायताणं घालत होता. वर न बघता म्हणाला, “म्याच सांगतलं त्याले, तथी दे म्हनून. माह्यानं टाकनं नाई झालं. पोट्ट्याचा काई दोष नाई.”

मी चार हातांवर होतो. ‘नाही, हे मीच केलं,’ एवढं म्हणायचं होतं. सात-आठ वर्षांचं पोरगंही ते म्हणालं असतं. आतून सरांनी हाक मारली, पाहुणे आलेत, ये. मी आत गेलो.

दुसऱ्या दिवशी टाक परत मागायला गेलो आणि सरांना खरं काय ते सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. खुर्चीवर बसून त्यांनी खिशातले खडू काढून टेबलावर मांडले. वस्तू नोंदली गेली होती, कॉलेजची झाली होती, ती परत देणं त्यांच्या हातात नव्हतं. पण चिठ्ठी हवी तर बदल, म्हणाले. मी नवीन कार्ड घेतलं आणि लिहिलं : दाता : अज्ञात. गाव नाही, जात नाही. आपण काहीतरी भरपाई केली असं मला वाटलं, आणि त्या रात्री झोपही लागली.

वैशाख पौर्णिमेला विहारात ग्रंथ दुसऱ्याच कुणी वाचला. बा मागे, कुडाला टेकून बसला होता. कुणी त्याला घालूनपाडून बोललं नाही, फक्त विचारलं नाही. बाजाराच्या दिवशी तो शिकायला जाईनासा झाला. मला एका शब्दानेही बोलला नाही. आई म्हणायची, “काय झालं रे तुह्या बापाले? बोर्ड दिसला तं तोंड फिरवते.” एकदा राळेगावच्या बाजारात मी मुद्दाम एका दुकानाच्या पाटीकडे बोट दाखवलं, “बा, काय लिहिलंय?” तो म्हणाला, “मले नाई येत.” बाजूने माणसं जात होती. मी त्याच्या पिशव्या उचलल्या आणि आम्ही चालू लागलो.

पुढे मला वणीला कारकुनाची नोकरी लागली. छातीचं दुखणं घेऊन बा माझ्याकडे आला, तो परत जायला नाही. खाटेवर पडून असायचा. एका दुपारी मी कचेरीतून जेवायला आलो, पाणी पाजलं, तेव्हा त्याने आपणहून विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

“ते तथीच हायेत?”

ते म्हणजे काय, हे मला विचारावं लागलं नाही. “हो. पण बा, ती चिठ्ठी मी काढली. दुसऱ्याच दिवशी काढली. तो शब्द नाही आता. तुझं नावही नाही.”

मला वाटलं त्याला बरं वाटेल. ते सांगण्यासाठी मी इतकी वर्षं थांबलो होतो. तो छताकडे बघत राहिला. श्वास लागत होता, म्हणून शब्द सुटे सुटे येत होते, त्याच्या वाचण्यासारखे.

“नाव काहून काढलं रे? नाव तं बरोबर होतं.”

नंतर तो त्यावर काही बोलला नाही. त्याच आठवड्यात गेला. दहनानंतर घरी आलो, तेव्हा कुणीतरी विहाराच्या वहीत त्याचं नाव लिहायला माझ्यापुढे कागद सरकवला, तुझं अक्षर चांगलं म्हणून. मी तो दुसऱ्याकडे दिला. हे सगळं लिहितानाही त्याचं नाव घालायचं म्हणून मी दोनदा थांबलो, आणि दोन्ही वेळा ते माझ्या हातून उमटलं नाही.